हॅमस्टरला रोज केळं? नाही जिभाऊ, असं करू नका

शेवंती, भुसावळ

काल यावलच्या जिभाऊंनी लिहिलं होतं, "हॅमस्टर म्हणजे उंदराचाच भाऊ. आमच्या वखारीत उंदीर केळी फस्त करतात, एकही मेलेला दिसत नाही. मी नातीच्या हॅमस्टरला रोज सकाळी केळ्याची चकती देतो, आंब्याच्या दिवसात आंबा. दुकानातल्या महागड्या दाण्यांपेक्षा घरचं फळ कधीही बरं." त्याखाली कितीतरी जणांनी "एकदम बरोबर" लिहिलं. ते वाचून मला रात्रभर झोप नाही, म्हणून लांबलचक लिहिते आहे.

आमच्याकडे मुगी होती. ड्वार्फ जातीची, मुठीत मावेल एवढी. मुलगी तेव्हा आठवीत. रोज शाळेत जाताना केळ्याची बोटभर जाडीची चकती पिंजऱ्यात ठेवायची. मुगी ती गालात भरून कोपऱ्यात पळायची, आम्हाला वाटायचं खाल्ली. मग तिचं पाणी वाढलं. दोन दिवस पुरणारी बाटली संध्याकाळच्या आत रिकामी, खालचा भुसा कायम ओला. वैशाख होता, भुसावळचा पारा ४५ वर. आम्ही म्हटलं उन्हाने तहान लागत असेल. पाणी जास्त पितेय म्हणून वर टरबुजाची फोड द्यायला लागलो! तिसऱ्या आठवड्यात मुगी गेली. पिंजरा धुवायला काढला तर घरट्यात भुशाखाली केळ्याच्या काळ्या पडलेल्या चकत्यांचा ढीग, त्यावर बुरशी आणि मुंग्या. पोरगी ते बघून जी रडली ते मी विसरणार नाही.

ड्वार्फ हॅमस्टरला मधुमेह फार लवकर होतो आणि पाणी जास्त पिणं हेच त्याचं पहिलं लक्षण, हे मला नंतर कळलं. आता घरात सिरियन आहे, ड्वार्फपेक्षा मोठ्या जातीचा हॅमस्टर. त्याला फळ मिळतं आठवड्यातून दोनदा, करंगळीच्या नखाएवढं. सफरचंद असेल तर बिया काढून, कारण त्या बियांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. संत्रं-मोसंबी अजिबात नाही. आणि तासाभरात घरट्यात हात घालून उरलेलं काढते, चावलं तरी.

जिभाऊ, तुमचं नातीवर प्रेम आहे म्हणूनच सांगते, रोजची चकती बंद करा.

केळीवाला, यावल

ताई, तुमची मुगी गेली त्याचं वाईट वाटलं. पण ती उन्हाने गेली नाही, केळ्यानेच गेली, हे कोणी तपासलं? तुम्हीच लिहिता पारा ४५ वर होता. त्या उन्हात माणसं आडवी होतात. काबरं सगळा दोष केळ्यावर टाकता? चाळीस वर्षं केळी लावतोय. केळ्यावर आमची पोरं वाढली, बाळाचा पहिला घास केळ्याचा असतो. तुमच्यासारखं एकजण असं लिहितो, मग शहरातले लोक केळ्याकडे साखरेचं पोतं म्हणून बघायला लागतात. आमच्या नातीचा हॅमस्टर वर्षाचा झाला, टुणटुणीत आहे.

शेवंती, भुसावळ

तपासलं नाही, हे खरं. ज्या दवाखान्यात नेली तिथले डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "मी गाई-म्हशी आणि कुत्री बघतो, याचं मला सांगता येणार नाही." ऊनही कारण असेल. पण बाटली ऊन चढायच्या आधी, फाल्गुनातच लवकर रिकामी व्हायला लागली होती. ते आम्ही पाहिलं आणि सोडून दिलं.

गोठा ते पिंजरा, धुळे

मी पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलंय, म्हणून दोनतीन गोष्टी.

जिभाऊ, उंदीर आणि हॅमस्टर एक नाहीत. हॅमस्टरच्या दोन्ही गालांत खांद्यापर्यंत जाणाऱ्या पिशव्या असतात, उंदराला त्या नसतात. केळ्यासारखं चिकट फळ त्या पिशवीत चिकटून बसतं, सडतं, गाल सुजतो. पाळीव सिरियन हॅमस्टर जवळजवळ सगळे १९३० साली सीरियात अलेप्पोजवळ शेतातून खणून काढलेल्या एका वेतातल्या पिल्लांचे वंशज आहेत. कोरडा मुलूख. दाणे, गवताचं बी आणि किडे खाऊन जगणारा हा जीव. रसाळ गोड फळ त्याच्या रोजच्या जेवणात कधी नव्हतंच.

आणि वखारीत मेलेला उंदीर दिसत नाही, कारण तो बिळात जाऊन मरतो.

"फळातून क जीवनसत्त्व मिळतं म्हणून देतो" असंही काहींनी लिहिलंय. ते गिनीपिगचं. त्याला क जीवनसत्त्व बाहेरून द्यावंच लागतं, हॅमस्टर स्वतःच्या शरीरात तयार करतो.

सराफ बाजार, जळगाव

आमच्या दुकानाच्या काट्यावर पुतणीचा ड्वार्फ तोलला, ४२ ग्रॅम भरला. मग त्याला द्यायची केळ्याची चकती तोलली, १० ग्रॅम. म्हणजे त्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा. ६० किलोच्या माणसाने एका बैठकीत १४ किलो केळी खाल्ल्यासारखं झालं. आकडा बघून मीच हादरलो.

केळीवाला, यावल

हा हिशोब मला पटत नाही. लहान जीव वजनाच्या मानाने जास्तच खातो. चिमणी किती खाते ते तोलून बघा. माणसाशी तुलना करून घाबरवू नका.

गोठा ते पिंजरा, धुळे

हे मात्र जिभाऊंचं बरोबर आहे, सरळ वजनाने माणसाशी तुलना होत नाही. पण त्याच्या स्वतःच्या जेवणाशी करा. ड्वार्फला दिवसाचा सगळा दाणा ५ ते ८ ग्रॅम लागतो. १० ग्रॅमची चकती म्हणजे दिवसभराच्या जेवणापेक्षा जास्त, आणि तीही गोड. मग तो दाण्याला तोंड लावत नाही.

चोपडेकर

एवढी चर्चा कशाला? केळं देऊच नका. बाजारातली सगळी केळी कार्बाइडने पिकवलेली. माणसाला चालत नाही ते त्या मूठभर जिवाला कुठून चालेल?

केळीवाला, यावल

चोपडेकर, तुम्ही चोपड्याचे असून असं लिहिता? "सगळी"? माझा माल रायपनिंग चेंबरमध्ये जातो. तिथे इथिलीन वायू सोडतात, तोच वायू फळ पिकताना स्वतः तयार करतं. थंड खोलीत चार-पाच दिवसांत घड एकसारखा पिवळा होतो. कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ साली तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली. कार्बाइडची पुडी टाकून गेली का ती? करपा पडला तर आम्ही रडायचं, गारपीट झाली तर आम्ही रडायचं, भाव पडला तर बागेतच घड सडवायचे, आणि वरून आपलाच माणूस आपल्या मालाला विष म्हणणार!

चोपडेकर

आवाज चढवू नका. मी शेतकऱ्याला बोललो नाही. मागच्या उन्हाळ्यात बसस्टँडजवळच्या एका गाडीवर पुड्या मी डोळ्यांनी पाहिल्यात, आंब्याच्या पेटीत आणि केळ्याच्या घडाखालीही. बंदी आहे म्हणून होत नाही असं नाही. त्या कार्बाइडमध्ये आर्सेनिकचे अंश असतात. माझ्या आईला असा आंबा खाऊन दोन दिवस उलट्या झाल्या.

सराफ बाजार, जळगाव

ओळखायचं कसं? आमची आजी म्हणायची, साल पिवळीधम्मक आणि देठ हिरवा असेल तर घेऊ नको.

केळीवाला, यावल

ते चुकीचं आहे. चेंबरमधल्या केळ्याचाही देठ हिरवट राहतो, ग्राहकाला तसंच आवडतं. हिरव्या देठावरून कार्बाइड ठरवलं की आमचा चांगला माल लोक परत ठेवतात. हेच मी सांगतोय! आजीच्या नावाने खपलेल्या गोष्टींनी आमचं नुकसान होतं. ओळखीच्या माणसाकडून घ्या, किंवा हिरवी फणी आणून घरी तांदळाच्या कणगीत ठेवा. तुमना उंदीर तुमले, आमनी केळी आमले. पण खोटं बोलू नका.

चोपडेकर

"सगळी" हा शब्द मागे घेतो. "काही ठिकाणी" म्हणतो. यापेक्षा जास्त मागे घेणार नाही.

नंदुरबारची पोर

कार्बाइडचं भांडण तुम्ही उद्याही करू शकाल. मला आज उत्तर हवंय. सिरियन आहे, दोन महिन्यांचा. दुकानदाराने ड्वार्फ म्हणून दिला, मोठा झाल्यावर कळलं. तोच म्हणाला होता, "बिस्कीट आणि फळं द्या, काही लागत नाही." आम्ही काल टरबूज दिलं, थंडावा म्हणून. आज सकाळपासून मागची बाजू ओली आहे आणि तो घरट्यातून बाहेर येत नाही.

गोठा ते पिंजरा, धुळे

ताई, उद्याची वाट बघू नको. फळ, भाजी सगळं आत्ता काढ, फक्त नेहमीचा कोरडा दाणा आणि ताजं पाणी ठेव. नुसतं टरबुजाने पातळ झालं असेल तर थांबेल. पण लहान वयाच्या सिरियनला वेट टेल नावाचा आतड्याचा आजार होतो, त्यात शेपटीची बाजू अशीच ओली राहते, जनावर गोळा होऊन बसतं आणि दोन दिवसांत संपतं. घरगुती औषध देऊ नको, माणसाच्या जुलाबाची गोळी तर मुळीच नाही. आजच डॉक्टरकडे ने. तिथे लहान प्राणी बघत नसतील तर त्यांनाच नाशिकच्या एखाद्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला सांग. नेताना डब्यात कोरडा भुसा, वर सुती फडकं, आणि ऊन टाळ.

शेवंती, भुसावळ

आणि थंडाव्यासाठी फळ नको गं. फुटलेल्या माठाचं खापर धुऊन, धार घासून पिंजऱ्यात ठेव. आमचा त्यावर पोट टेकून झोपतो. कूलरचा झोत थेट अंगावर सोडू नको.

नंदुरबारची पोर

निघालो. दवाखाना चारपर्यंत उघडा आहे.

केळीवाला, यावल

दुपारी नातीला बसवून पिंजरा उघडला. घरट्यात केळ्याचे सहा तुकडे निघाले. दोन अगदी काळे, एकाला केस आलेले. रोज चकती संपलेली दिसायची म्हणून मी खूश होतो. तो खात नव्हता, साठवत होता.

ताईंचं या बाबतीत बरोबर निघालं, लिहून देतो. रोजची चकती बंद. पण आठवड्यातून एकदा नखाएवढं केळं देणार, आमच्याच बागेतलं. आणि केळ्याला कोणी विष म्हटलं तर पुन्हा भांडणार.

शेवंती, भुसावळ

तेवढं द्या जिभाऊ. फार पिकलेलं नको, पिकत जातं तशी पिठाची साखर होते. तो ड्वार्फ आहे की सिरियन?

केळीवाला, यावल

कोणास ठाऊक. नात म्हणते पाठीवर काळी रेघ आहे आणि शेपूट दिसतच नाही.

गोठा ते पिंजरा, धुळे

रेघ आहे म्हणजे बहुतेक ड्वार्फ. मग नखाएवढंही नको, काकडीचा पातळ तुकडा द्या. पाण्याच्या बाटलीवर आज रात्री पेनाने खूण करा आणि उद्या त्याच वेळी बघा.

नंदुरबारची पोर

डॉक्टरांनी सुईने पाणी दिलं आणि औषध लिहून दिलं. उद्या सकाळी पुन्हा बोलावलंय. अजून गोळा होऊनच बसलाय, पण आत्ता दोन दाणे गालात घेतले.