ईएलआर (करंट गळला की सप्लाय तोडणारा अर्थ लीकेज रिले) आहे म्हणजे झालं? फिरत्या केबलच्या अर्थिंगवर लक्ष कोणाचं?

रबाळेकर: रबाळे एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये पाणी उपसायला ट्रॉलीवरचा पंप फिरवतात. रबरी चाकं, लांब लवचिक केबल. परवा प्लग उघडला तर अर्थची वायर आत तुटलेली. कधीपासून, देव जाणे! माझं मत: अशा केबलला अर्थ-वायर तपासत राहणारा रिले हवाच. केबलमधल्या पायलट कोअरमधून (तपासणीसाठीची जादा तार) बारीक करंट जातो, टोकाच्या डायोडमधून (हा करंट एकाच दिशेने सोडतो) अर्थच्या वायरीने परत येतो. नाही आला की फीडर, म्हणजे पंपाची सप्लाय लाइन, बंद. मधेच पायलट आणि अर्थ चिकटले तरी डायोडमुळे ते कळतं.

प्लांटवाला: ईएलआर असताना हे कशाला? पावसात तोच सारखा ट्रिप होतो. त्यात आणखी एक रिले आणि पायलटसाठी नवी केबल. प्रॉडक्शन कधी काढायचं?

रबाळेकर: ईएलआर ट्रिप व्हायला आधी करंट गळावा लागतो. अर्थ तुटलेली असताना फेज बॉडीला टेकली तर गळायला वाट कुठे आहे? पंप मुकाट चालू राहतो. वाट मिळते ती हात लावणाऱ्यातून. तुमचं ट्रिपचं सेटिंग किती?

प्लांटवाला: ३०० मिलीअँपिअर. ३० केलं तर ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) फिल्टरची गळतीच पुरते ट्रिप व्हायला.

रबाळेकर: मग हिशेब करा. ४१५ व्होल्टचा सप्लाय, फेज ते जमीन २४०. माणसाचा रोध ढोबळ १००० ओहम. करंट २४० मिलीअँपिअर. माणूस चिकटलाय आणि तुमचा ३०० चा ईएलआर गप्प राहू शकतो.

वागळे इस्टेटचा वायरमन: हिशेब बरोबर, पण हा रिले सगळीकडे चालत नाही. आमच्या ईओटी क्रेनवर (शेडमध्ये वर रुळांवर चालणारी) लावला होता. अर्थची वायर मुद्दाम सोडली तरी सगळं ठीक दाखवायचा, कारण करंट रुळांतून आणि स्ट्रक्चरमधून परत यायचा. रबरी चाकाच्या पंपाला तशी दुसरी वाट नसते, तिथे जरूर लावा. त्याआधी सीबीसीटी बघा, म्हणजे ईएलआरची ती कडी जिच्यातून वायरी ओवतात आणि जी त्यांच्या करंटची बेरीज मोजते. फेजबरोबर अर्थची वायरही आतून ओवलेली असते कित्येकदा. मग गळालेला करंट त्याच खिडकीतून परत, बेरीज शून्य. टेस्ट बटणाने हे कळत नाही, ते रिलेच्या आतूनच ट्रिप करतं.

प्लांटवाला: आत्ता बघून आलो. दोन फीडर ठीक, तिसऱ्यात अर्थ आतूनच गेलीय. पंपाचा फीडर तोच. रविवारी शटडाउन घेतो, पायलटवाल्या केबलचं कोटेशनही मागवतो. ड्राइव्हच्या फीडरला ३० मात्र करणार नाही, त्यावर भांडायला तयार आहे. आणि हो, हा तिसरा पावसात कधी त्रास देत नाही म्हणून आम्ही त्याचं कौतुक करायचो.