मदत हवी आहे: शेवटचा अँग्लो-सॅक्सन राजा हॅरॉल्ड की एडगर?

नमस्कार. इंग्लंडवरील नॉर्मन विजयाविषयी मी एक दीर्घ लेख लिहीत असून त्याच्या अखेरीस त्या विजयापूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन राजांचा तक्ता द्यावयाचा आहे. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत कोणाचे नाव असावे, यावर माझे काम अडले आहे.

प्रचलित उत्तर हॅरॉल्ड गॉडविन्सन असे आहे. राजा एडवर्ड द कन्फेसर ५ जानेवारी १०६६ रोजी निपुत्रिक वारला, दुसऱ्याच दिवशी हॅरॉल्डला राज्याभिषेक झाला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत तो मारला गेला. परंतु ही लढाई जिंकणारा नॉर्मन ड्यूक विल्यम याचा राज्याभिषेक त्यानंतर दहा आठवड्यांनी, २५ डिसेंबरला झाला. मधल्या काळात लंडनमध्ये जमलेल्या सरदार-धर्मगुरूंनी एडगर ॲथेलिंग या सुमारे पंधरा वर्षांच्या मुलाची राजा म्हणून निवड केली होती. एडवर्डच्या सावत्र भावाचा, म्हणजे एडमंड आयर्नसाइडचा, हा नातू. हॅरॉल्डच्या अंगी मात्र वेसेक्सच्या जुन्या राजघराण्याचे रक्त नव्हते. अँग्लो-सॅक्सन बखरीच्या एका प्रतीत तर राज्यावर एडगरचा जन्मसिद्ध हक्क असल्याचे म्हटले आहे.

पीटरबरोच्या मठातील प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. तेथील भिक्षूंनी ब्रँड याला मठाधिपती निवडले आणि संमतीसाठी त्याला एडगरकडे पाठवले, कारण राजा तोच होणार असे लोकांना वाटत होते. एडगरने आनंदाने संमती दिली. पुढे विल्यम संतापला आणि त्याची समजूत काढण्यासाठी मठाला सोन्याचे ४० मार्क मोजावे लागले. राजाचे एक काम तरी एडगरच्या हातून झाले, असे यावरून म्हणता येईल का?

जेत्याने एडगरला राजा मानले नाही, हा आक्षेप मला पुरेसा वाटत नाही. विल्यमने १०८६ मध्ये करविलेल्या डोम्सडे या जमीन-पाहणीत जमिनीची पूर्वस्थिती ‘राजा एडवर्डच्या काळी’ अशी नोंदली असून हॅरॉल्डचा उल्लेख सहसा अर्ल, म्हणजे राजाच्या हाताखालचा बडा सरदार, म्हणूनच येतो. जेत्याच्या दफ्तरावर विसंबायचे, तर हॅरॉल्डचे नावही तक्त्यातून काढावे लागेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपला डोम्सडेविषयीचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. केवळ राज्याभिषेक झाला नाही म्हणून एडगरला वगळणेही योग्य नाही, कारण स्वतः एडवर्ड १०४२ मध्ये गादीवर आला आणि त्याचा राज्याभिषेक १०४३ च्या एप्रिलमध्ये झाला. मधल्या महिन्यांत तो राजा नव्हता असे कोणी म्हणत नाही. माझ्या मते कसोटी प्रत्यक्ष सत्तेची असावी. हॅरॉल्डची कारकीर्द जेमतेम नऊ महिन्यांची, तरीही त्याच्या नावाची चांदीची नाणी अनेक टांकसाळींतून पाडली गेली. एडगरच्या पाठीशी उभे राहिलेले एडविन आणि मॉर्कार हे अर्ल मात्र आपापले सैन्य घेऊन परतले, आणि डिसेंबरमध्ये बर्कहॅमस्टेड येथे त्या दोघांसह खुद्द एडगरही विल्यमला शरण गेला. पीटरबरोच्या प्रसंगातही ‘राजा होणार’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तो राजा झाला होता, असे ते सांगत नाहीत.

म्हणून क्रमांक हॅरॉल्डपाशी थांबवावा आणि त्याखाली विनाक्रमांक ओळीत एडगरचे नाव ‘निवड झालेला, अनभिषिक्त’ अशा शेऱ्यासह द्यावे, असे सुचवतो.

मूळ प्रश्नकर्ती:

मनःपूर्वक आभार. ‘राजा होणार’ या शब्दांकडे माझे दुर्लक्ष झाले होते. लेखातील तो परिच्छेद मी दुरुस्त करीत आहे. विनाक्रमांक ओळीची सूचना स्वीकारते. त्याच ओळीत एडगरची बहीण मार्गारेट हिचेही नाव घालीन, कारण स्कॉटलंडचा राजा तिसरा माल्कम याच्याशी तिचा विवाह झाला आणि तिची मुलगी ११०० मध्ये विल्यमचा मुलगा पहिला हेन्री याची राणी झाली. वेसेक्सच्या घराण्याचे रक्त इंग्लंडच्या राजवंशात परतले ते या मुलीच्या द्वारे.