नॉर्मंडीत एकच दिवस: म्युझियम की वाळू?

खाजणवाट
पॅरिसहून नॉर्मंडीचे किनारे बघायला निघालेल्या मराठी मंडळींना ठरलेला सल्ला मिळतो. सकाळी म्युझियम, दुपारी अमेरिकन दफनभूमी, वेळ उरलाच तर किनाऱ्यावर पाय ओले करून परत. हा क्रम मला साफ उलटा वाटतो. हेल्मेटं, बंदुका, जीप काचेआड कुठेही बघायला मिळतात. ओमाहा या किनाऱ्याची वाळू मात्र ओमाहालाच आहे.

दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सवर चढाई करायला ६ जून १९४४ ला सकाळी साडेसहाला अमेरिकन तुकड्या इथे उतरल्या तेव्हा ओहोटी होती, आणि ती वेळ मुद्दाम निवडलेली होती. भरतीचं पाणी झाकून टाकेल अशा पट्ट्यात जर्मन सेनापती रोमेलने अडथळे पेरले होते: टोकाला सुरुंग बांधलेले ओंडके, लोखंडी चौकटी, एकमेकांत अडकवलेल्या पोलादी तुळया. भरतीला आलेल्या नावा त्यांवर फुटल्या असत्या. म्हणून पाणी खाली असताना उतरायचं, सुरुंग उडवणाऱ्या तुकड्यांनी वाटा मोकळ्या करायच्या आणि पाणी चढेल तशा पुढच्या नावा आणायच्या, असा बेत होता. त्यासाठी तीनेकशे मीटर उघडी वाळू तुडवावी लागणार होती. अंगावर तीसेक किलो ओझं, कपडे भिजलेले, समोर टेकाडावर मशिनगना. ठरवलेल्या सोळा वाटांपैकी सुरुवातीला जेमतेम पाच-सहाच मोकळ्या झाल्या.

पाण्याच्या कडेला उभे राहा, टेकाडाकडे तोंड करा आणि नेहमीच्या चालीने चालत या. चार-पाच मिनिटं लागतात. त्या चार-पाच मिनिटांत आडोशाला काहीही नाही, हे कुठलंही दालन सांगू शकत नाही.

त्यामुळे तिकिटं काढायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. फ्रान्समध्ये प्रत्येक भरतीला २० ते १२० च्या दरम्यान एक गुणांक देतात; तो जितका मोठा तितकं ओहोटीला पाणी जास्त मागे हटतं. तो ९० च्या वर असेल असा दिवस धरा आणि ओहोटीच्या तासभर आधी वाळूवर पोचा. प्रवेशमूल्य नाही, रांग नाही.

नकाशेवाला
असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत. तुम्ही ज्या किनाऱ्यावर चालायला सांगताय तो १९४४ चा किनारा नाहीच. तेव्हा भरतीच्या रेषेला गोट्यांचा एक बांध होता. वाळू ओलांडून जे पोचले ते त्याच्याच आडोशाला पडून राहिले. पुढे सैन्याच्या इंजिनियरांनी तो सपाट केला, गोटे रस्त्यांना गेले. आज वाळू थेट रस्त्याला भिडते. टेकाडावरही तेव्हा आजच्याइतकी झाडी नव्हती. म्हणजे माणसं जिथे जीव मुठीत धरून थांबली तीच जागा तुमच्या चालीत गायब आहे. नकाशा आणि जुने फोटो आधी बघितले नसतील तर ते गायब आहे हेही कळत नाही.

दुसरं. ओमाहावर एवढी माणसं का पडली, ते वाळू सांगत नाही. उतरण्याआधी जड बॉम्बफेकी विमानं ढगांच्या वरून उपकरणांच्या भरवशावर आली. खालच्या आपल्याच नावांवर पडू नयेत म्हणून बॉम्ब काही सेकंद उशिरा सोडले गेले आणि ते किनाऱ्याच्या पलीकडे शेतांत पडले. पाण्यावर तरंगत येणारे २९ रणगाडे एकाच बटालियनने खवळलेल्या समुद्रात दूरवरच सोडले, त्यातले २७ बुडाले. त्याच सकाळी यूटाहवर, म्हणजे पश्चिमेकडच्या दुसऱ्या अमेरिकन किनाऱ्यावर, मध्यम आकाराची बी-२६ बॉम्बफेकी विमानं ढगांखालून, खालच्या उंचीवरून आली आणि मारा बराच नेमका बसला. शिवाय प्रवाहाने नावा दोनेक किलोमीटर दक्षिणेला ढकलल्या, आणि तिथला बंदोबस्त कमजोर निघाला. यूटाहवर हताहत दोनशेच्या आसपास, ओमाहावर दोन हजारांच्या वर.

यूटाहचं म्युझियम वाळूच्या कडेलाच, जर्मन बंकरभोवती उभारलेलं आहे आणि आत बी-२६ विमान उभं आहे. त्याच्या पोटाखाली उभं राहून वर बघितलं की खालून उडणं म्हणजे काय ते कळतं. एकच दिवस असेल तर मी तिकडे पाठवेन.

सुरंगी
दोघांच्याही भांडणात घड्याळ राहून गेलं. खाजणवाट, तुम्ही ९० च्या वरचा गुणांक सांगितलात, म्हणजे आपल्या भाषेत उधाण, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस. ६ जून १९४४ हीसुद्धा ज्येष्ठी पौर्णिमाच होती. पण एखाद्या ठिकाणी उधाणाची ओहोटी दर वेळी साधारण त्याच वेळेला येते, हे कोकणातलं कोणीही सांगेल. ओमाहाला ती सकाळी साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी तितक्याच वाजता. दुपारी बाराच्या आगेमागे भरती.

पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून बाय्योला गाडीने सव्वादोन तास लागतात. तिथून ओमाहावरचं कोलव्हिल गाव सतराएक किलोमीटर. सकाळची पहिली गाडी धरली तरी वाळूवर पोचेपर्यंत अकरा वाजणार. त्या वेळी तुमचा माणूस तुमचा सल्ला ऐकून बरोबर भरतीला पोचेल, आणि तीनशे मीटरऐवजी त्याला एक चिंचोळी पट्टी दिसेल.

भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या सुमारास, ओहोटी दुपारी येते खरी, पण तेव्हा पाणी फार मागे हटतच नाही. तेव्हा एका दिवसात करायचंच असेल तर सकाळी म्युझियम, संध्याकाळी पाचला वाळू. तुम्ही ज्या क्रमाला नावं ठेवलीत तोच, फक्त परतीची गाडी शेवटची. बाय्योला मुक्काम केला तर प्रश्नच मिटला.

खाजणवाट
सुरंगीताई, गणित मान्य. दिवसाचा गुणांक बघा म्हणालो, तास बघा म्हणायला विसरलो. मुक्कामाचं तर शंभर टक्के मान्य.

नकाशेवाल्यांचं मात्र अर्धंच मान्य. गोट्यांचा बांध गेला, कबूल. पण "वाळू सांगत नाही" हे तितकंसं खरं नाही. १९८८ साली ओमाहावरून नेलेला वाळूचा नमुना भूगर्भशास्त्रज्ञांनी पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात चार टक्क्यांपर्यंत कण तोफगोळ्यांच्या लोखंडाचे निघाले. कडा लाटांनी घासलेल्या, वर गंजाचा थर. सोबत स्फोटाच्या उष्णतेत वितळून गोल झालेले लोखंडाचे आणि काचेचे मणी. गंजत गंजत ते कधीतरी संपतील.

शिवाय बंकर जागेवर आहेत. सँ-लोराँच्या घळीच्या तोंडाशी ५० मिलिमीटरची तोफ अजून तिच्या काँक्रीटच्या कोठडीत आहे. तिच्या मागे उभं राहिलं की कळतं, ती समुद्राकडे रोखलेली नाहीच. किनाऱ्याला समांतर, आडवी मारायला आहे. समुद्राकडच्या बाजूला जाड भिंत, म्हणून युद्धनौकांना ती दिसत नव्हती. हे समजायला तिकीट लागत नाही.

नकाशेवाला
आडव्या माऱ्याचं उदाहरण उत्तम, पण ते तुम्ही इथे समजावून सांगितलंत म्हणून. तिथे गेलेली दहातली नऊ माणसं तोफेसोबत फोटो काढतात आणि पुढे जातात.

आणि ओमाहाच्या पूर्वेला असलेल्या आरोमाँश गावाचं काय? तिथे समुद्रात काँक्रीटचे अवाढव्य ठोकळे दिसतात. इंग्लंडमध्ये बांधून, ओढत आणून बुडवलेल्या कृत्रिम बंदराचे ते अवशेष. मोठे ठोकळे साठ मीटर लांब, सहा हजार टनांच्या घरातले. ओमाहासमोरही असंच बंदर उभं केलं होतं, ते १९ ते २२ जूनच्या वादळाने मोडलं. पण ठोकळे ही नुसती बाहेरची भिंत. खरी करामत आतल्या धक्क्याची. पाणी दिवसातून दोनदा सहा-सात मीटर चढतं-उतरतं, मग ट्रक जहाजातून उतरणार कसे? तर धक्क्याला चार पाय, ते समुद्रतळावर टेकलेले. वरचा तराफा त्या पायांवरून पाण्याबरोबर वरखाली सरकतो, आणि किनाऱ्यापर्यंतचा रस्ता तरंगत्या पिंपांवर टेकलेला, सांध्यासांध्यांत वाकणारा. किनाऱ्यावर यातलं उरलंय काय? ओहोटीला उघडी पडणारी दोन-चार पिंपं, शेवाळ आणि शिंपल्यांनी माखलेली. म्युझियममधल्या प्रतिकृती बघितल्या की ती पिंपं कसली ते समजतं. इमारत २०२३ ला नवी झाली आहे आणि तिच्या काचेतून समोर तेच ठोकळे दिसतात.

रापण
पिंपांपर्यंत चालत जाता येतं, पण रबरी तळव्याचे बूट घाला. शिंपल्यांच्या कडा पाय कापतात आणि लोखंड गंजकं आहे. वर चढू नये. पाणी परत फिरलं की आधी मागच्या खोलगट भागात भरतं, त्यामुळे समोर कोरडं दिसतंय म्हणून रेंगाळू नका.

पाटीपेन्सिल
वाळू की म्युझियम, दोन्हीत फक्त सैनिक. नॉर्मंडीच्या मोहिमेत वीसेक हजार फ्रेंच नागरिक मेले, बहुतेक दोस्त राष्ट्रांच्याच बॉम्बफेकीत. काँ शहर जवळपास भुईसपाट झालं. फालेझला खास नागरिकांच्या युद्धकाळावरचं म्युझियम आहे, पण एका दिवसाच्या कुठल्याच यादीत ते नसतं.

आणि अमेरिकन दफनभूमीत नऊ हजार तीनशेवर थडगी बघून निघणाऱ्याने ला कांबच्या जर्मन दफनभूमीत थांबावं. तिथे एकवीस हजारांवर जर्मन आहेत. गडद दगडाचे बुटके क्रॉस, जमिनीत बसवलेल्या पाट्या, एकेका पाटीखाली बहुधा दोघं. जन्मसालं वाचा. पांढऱ्या रांगांचा देखणेपणा तिकडे नाही, मुद्दामच नाही.

माणगावकर
सगळं ठीक, पण मराठी माणसाने एवढा खर्च करून नॉर्मंडीच का? त्याच उन्हाळ्यात ५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ ला पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात पुतळा आहे. इटलीतल्या रणभूमीवर किती मराठी पर्यटक जातात?

सुरंगी
माणगावकर, मुद्दा रास्त आहे आणि त्यावर वेगळा धागा काढाच, वाचायला आवडेल. पण इथला प्रश्न नॉर्मंडीला निघालेल्याचा आहे. त्याला टायबरला जा म्हणणं म्हणजे पंढरीच्या गाडीत बसलेल्याला तुळजापूरची वाट सांगणं.

पाटीपेन्सिल, ला कांब ओमाहाहून पश्चिमेला जाताना हमरस्त्यालगतच आहे. अर्धा तास पुरतो, प्रवेश मोफत. फालेझ मात्र काँच्याही दक्षिणेला, एका दिवसात नाही बसत.

वाटाड्या
एक साधी शंका. अमेरिकन दफनभूमीतून खाली किनाऱ्यावर उतरता येतं का? आणि पांढऱ्या संगमरवरावर कोरलेलं नाव फोटोत उठतच नाही, त्याला काय करायचं?

खाजणवाट
आतून उतरणारी वाट बंद केलेली आहे. बाहेर येऊन, गाडी काढून कोलव्हिलच्या घळीने खाली जावं लागतं. हा वेळ लोक धरत नाहीत आणि मग दफनभूमीतला ध्वज उतरवण्याची वेळ तरी चुकते किंवा ओहोटी तरी.

नावाचं म्हणाल तर तिथे त्यावर जुना उपाय आहे. नातेवाईक आले की दफनभूमीचा कर्मचारी एका लहान बादलीत खालच्या ओमाहाची ओली वाळू घेऊन येतो, ती बोटांनी अक्षरांत भरतो आणि वरची जास्तीची वाळू ओल्या स्पंजाने पुसून घेतो. अक्षरं पिवळसर सोनेरी उठतात. फोटो होतो. पुढच्या पावसात वाळू आपोआप धुऊन जाते.

नकाशेवाला
ती बादली स्वतः भरून न्यायला जाऊ नका मात्र. फ्रान्समध्ये किनाऱ्यावरची वाळू नेणं कायद्याने मना आहे.