क्वाड निवडताना: वेग, आडवाटा आणि मागचा ट्रेलर (अनुभव हवेत)

चौचाकी_नवखा

बारा वर्षं मातीतली मोटरसायकल चालवली. आता गुडघा कुरकुरतोय, म्हणून क्वाडवर, म्हणजे हँडलने चालवायच्या चार चाकांच्या उघड्या गाडीवर यायचं ठरवलंय. अपेक्षा तीन आहेत. मोकळ्या माळावर जोरात पळावी, झाडीतल्या अरुंद वाटांवर चटकन वळावी आणि अधूनमधून छोटा ट्रेलर ओढावा. ट्रेलरमध्ये सरपण, कुंपणाचे खांब, कधी पाण्याचं पिंप. जाहिरातीतले आकडे पाठ झालेत, त्यामुळे ते नकोत. काय घेतलंत, कुठे फसलात, काय विकून टाकलंत ते लिहा. फजिती असेल तर आधी तीच सांगा.

वाळूवेडा

माझ्याकडे सहा वर्षं यामाहाची रॅप्टर ७०० आहे. ६८६ सीसी, एकच सिलिंडर, पाच गिअर आणि रिव्हर्स. सगळे वेगाचं कौतुक करतात, पण मला आवडतो तो तिचा खालचा जोर. वाळूच्या चढावर एक गिअर चुकला तरी इंजिन सांभाळून घेतं. ४५० सीसीच्या शर्यती क्वाडवाल्यांना तिथे क्लचशी खेळत बसावं लागतं. डाकार रॅलीत, म्हणजे वाळवंटातल्या त्या लांबलचक शर्यतीत, २००९ ते २०२४ क्वाडचा वेगळा वर्ग होता आणि तो कितीतरी वेळा याच यंत्राने जिंकला, हे सांगायचा मोह आवरत नाही.

मोटरसायकलवरून येतोयस म्हणून एक सांगतो. क्वाड झुकत नाही, तुलाच झुकावं लागतं. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या अ‍ॅक्सलला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी) नसतं, दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात. वळणात आतलं चाक थोडं घसरल्याशिवाय ती वळतच नाही, सरळ जाऊ पाहते. अंग आत टाकायचं, बाहेरच्या पायावर भार द्यायचा आणि किंचित थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) देऊन मागची बाजू फिरवायची. पहिले दोन महिने मी मोटरसायकलच्या सवयीने पाय खाली टेकवायला जायचो. तो पाय मागच्या चाकाखाली जातो. माझाही गेला होता. बूट जाड होते म्हणून वाचलो.

आडवाट

माझं थोडं उलट मत. वाळूवेड्यांना झाडं दिसतच नाहीत :)

मी शर्यतीसाठी बनवलेली ४५० घेतली होती, जुनी. चालवायला स्वर्ग. पण शर्यतीच्या मैदानावरच्या ४५० ची रुंदी साधारण १२७ सेंटीमीटर असते, आणि आमच्या वाटेवर दोन झाडांमधलं अंतर कुणी मोजून ठेवलेलं नाही. झाडीसाठी त्याच वर्गात सुमारे ११७ सेंटीमीटरच्याही मिळतात. ते दहा सेंटीमीटर किती मोठे असतात हे पुढचं चाक बुंध्यात अडकल्यावर कळतं.

आणि ४५० वर्गातल्या बहुतेक शर्यती क्वाडना रिव्हर्स नसतो! एकदा उतारावर वाट संपली, समोर कोसळलेलं झाड. खाली उतरून मागचा बार धरला आणि पावणेदोनशे किलोहून जड धूड टप्प्याटप्प्याने उचलून फिरवलं. पाठ आठवडाभर बोलत होती. त्यात या इंजिनांची देखभाल किती तास चालली त्यावर मोजायची. तेल लवकर बदला, व्हॉल्व्हची गॅप तपासा, ती शिमने, म्हणजे मोजक्या जाडीच्या चकत्या बदलून, लावायची असते. रॅप्टर ७०० ला निदान स्क्रू आणि नटवर भागतं. शनिवार-रविवार सहज फिरणाऱ्याला ४५० म्हणजे रोज मालिश मागणारा घोडा.

हुकलेला

नाव मुद्दाम असं घेतलंय. फजिती हवी होती ना, घे.

माझी स्पोर्ट क्वाड होती, कुठली ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. ट्रेलर रिकामा ऐंशी किलोचा, त्यात ओली लाकडं. हूक नव्हताच. मागे धरायला जो बार असतो त्याला पट्ट्याने बांधला. सपाटीवर छान चालला आणि मला वाटलं लोक उगाच घाबरवतात.

मग चढ लागला. स्पोर्ट क्वाडचा पहिला गिअर उंच असतो, मुंगीच्या पावलाने चालायला तो बनवलेलाच नाही. म्हणून मी क्लच अर्धवट धरून ढकलत राहिलो. दहा मिनिटांत जळका वास आला. क्लच तेलात भिजलेला असतो, तरी प्लेटा जळतात आणि जळल्या की तेच काळं तेल इंजिनभर फिरतं. तेवढ्यात पुढची चाकं उचलली. का, ते नंतर कागदावर काढून पाहिलं. बार अ‍ॅक्सलपेक्षा बराच वर होता. ओढ जितकी वर, तितकं यंत्र मागच्या चाकांभोवती उलटं फिरायला बघतं. पुढच्या चाकांवर आधीच वजन कमी, त्यात चढ, त्यात वरून खेच. मी अंग पुढे टाकलं आणि थ्रॉटल सोडला म्हणून आज लिहितोय.

खरी गंमत मात्र उतारावर झाली. ट्रेलरला ब्रेक नव्हते. तो मागून ढकलायला लागला, मी मागचा ब्रेक दाबला, मागची चाकं लॉक झाली आणि क्वाड ट्रेलरसमोर आडवी. लाकडं वाटेत, मी गवतात. नवा क्लच, नवी चेन, वाकलेला बार. मॅन्युअल उघडून बघितलं तर ओढण्याच्या क्षमतेचा आकडाच दिलेला नव्हता. त्या कोऱ्या जागेचा अर्थ मला नीट कळायला हवा होता.

कामाच्या क्वाडला मात्र तो आकडा असतो. यामाहाच्या ग्रिझली ७०० ला ६०० किलो लिहिलेले आहेत. तिला लो रेंज (हळू पण जोरात ओढणारा गिअर) आहे, इंजिनचा ब्रेक आहे आणि हूक लावायची जागा खाली, चासीवर आहे.

दोन_बोटं_क्लचवर

ताईचा अनुभव पण घ्या. माझी उंची कमी, हात लहान. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून क्वाड कळत नाही, निदान तासभर चालवून बघा. मोटरसायकलसारखी मूठ पिळायची नसते, अंगठ्याने लिव्हर दाबायचा असतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी मला बाटलीचं झाकण उघडेना. थ्रॉटलची स्प्रिंग किती कडक आहे आणि लिव्हरचा कोन बदलता येतो का, हे आधी पाहा.

मी होंडाची जुनी ४०० घेतली, टीआरएक्स ४०० ईएक्स. हवेने थंड होणारं ३९७ सीसीचं साधं इंजिन, रेडिएटरची कटकट नाही. १९९९ मध्ये आलेल्या या मॉडेलला रिव्हर्स २००५ पासून मिळाला, म्हणून वर्ष बघून घ्या. वेगात रॅप्टरवाले मला धूळ चारतात. आडवाटेवर मात्र ते थांबून वाट शोधत असतात तेव्हा मी पुढे असते.

जुनी घ्यायची तर इंजिन थंड असताना सुरू करायला लावा, विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर शंका घ्या. मागचं चाक धरून वर-खाली, आत-बाहेर हलवा. अ‍ॅक्सलचं बेअरिंग गेलं असेल तर लगेच कळतं. पुढचे ए-आर्म (चाकाला धरणारे त्रिकोणी दांडे) चासीला जिथे जोडलेत तिथला रंग नीट बघा. ताजा रंग म्हणजे खाली वेल्डिंग असू शकतं. नवे प्लास्टिक आणि स्टिकर यांना भुलू नका, तेच सगळ्यात सोपं असतं बदलायला.

पट्टा_तुटला

तिसरी वाट कुणी लिहिली नाही अजून. स्पोर्ट तोंडवळ्याच्या फोर-व्हील-ड्राइव्ह क्वाड, कॅन-अ‍ॅम रेनेगेड किंवा पोलारिस स्क्रँबलर जातीच्या. मोठ्या रेनेगेडला व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन आहे, सरळ रस्त्यावर पोट पाठीला लागतं. गिअर नाहीत, पट्टा आणि पुलीवर आपोआप गती बदलणारी सीव्हीटी, आणि लो रेंज आहे. त्यामुळे हूक लावून ट्रेलर ओढता येतो, पण मॅन्युअलमधली मर्यादा पाळून.

माझी चूक इतकीच, की ओढताना आळसाने हाय रेंजमध्येच राहिलो. कमी वेगात जास्त भार आला की पट्टा पुलीवर घसरतो, तापतो, आणि मग एका जागी चपटा होतो किंवा तुटतो. माझा तुटला तो घरापासून अकरा किलोमीटरवर. तेव्हापासून जादा पट्टा आणि तो बदलायची हत्यारं सीटखाली असतात.

दुसरं म्हणजे वजन. ही यंत्रं तीनशे किलोच्या पुष्कळ वर जातात. चिखलात रुतली की एकट्याचं काम नाही, विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) पाहिजे.

नुसता_वाचतो

पोराला मागे बसवता येईल का? वय दहा.

आडवाट

@नुसता_वाचतो, नाही. सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून. मागे कुणी बसलं की तुमचं अंग बांधलं जातं. आणि मोठ्यांच्या क्वाडवर सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये असा इशारा चिकटवलेला असतो. मुलांच्या मापाच्या वेगळ्या मिळतात.

वाळूवेडा

टायरमधल्या हवेवर कुणीच बोललं नाही. ४-५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते फक्त. गाडीच्या गेजवर एवढा आकडा धड दिसतही नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. दोन्ही मागच्या टायरमध्ये अर्ध्या पीएसआयचा फरक असला तरी क्वाड एका बाजूला खेचते. मी महिनाभर अलाइनमेंट तपासत बसलो होतो.

चौचाकी_नवखा

सगळ्यांचे आभार. काल वही घेऊन मागच्या वर्षाचे दिवस मोजले. झाडीतल्या वाटांवर ४१ दिवस, मोकळ्या माळावर ९, आणि ट्रेलरचं काम ६. त्या सहांपैकी चार वेळा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मिळाला असता. म्हणजे ज्याच्यासाठी मी तिसरा प्रकार शोधत होतो ते काम वर्षात दोन दिवसांचं.

रिव्हर्स असलेली ४०० बघतोय, अरुंद, जुनी. ट्रेलर तिला लावणार नाही. @हुकलेला, तुझा ट्रेलर विकायचाय का?

हुकलेला

नाही. आता तो ग्रिझलीच्या मागे असतो. पण लाकडं आणायची असतील तेव्हा सांग, क्वाडसकट येतो. उतारावर मात्र पुढे मी चालवणार.