जुन्या करारांतील पुस्तकांचे डिजिटल हक्क कोणाकडे?

प्रश्न : प्रकाशक, सांगली
सप्रेम नमस्कार. आमची छोटी प्रकाशनसंस्था वडिलांच्या काळापासून चालू आहे. त्या वेळच्या करारपत्रांच्या नमुन्यात ‘पुनर्मुद्रणाचे हक्क प्रकाशकाकडे राहतील’ एवढेच वाक्य होते आणि तोच नमुना आम्ही पुढेही वापरला. आता एक ॲप कंपनी १९८७ आणि २००३ मध्ये करार झालेल्या दोन कादंबऱ्यांचे ई-बुक व ऑडिओबुकचे हक्क मागत आहे. दुसरीकडे त्याच कादंबऱ्यांची स्कॅन केलेली पाने टेलिग्रामवर फुकट फिरत आहेत. जुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा खर्च आम्ही केलेला असताना हे हक्क आमचे नाहीत का, आणि नसतील तर कायद्यात बदल मागणे रास्त ठरणार नाही का?

उत्तर : वकील, सातारा
दोन्ही करार वेगवेगळे तपासावे लागतील. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. त्यामुळे २००३ च्या करारात मुदत नसल्यास आपला हक्क २००८ मध्येच संपला, आणि त्यानंतरची छापील आवृत्तीसुद्धा लेखकाच्या नव्या संमतीवाचून काढता येत नाही. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीपूर्वीच्या करारांना लागू नसल्याने १९८७ च्या करारातील प्रत्यक्ष मजकूरच निर्णायक ठरेल, परंतु त्याच्या बळावर ई-बुक विकण्याचा सल्ला मी देणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तर, हस्तांतरणाच्या वेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेले माध्यम करारात स्पष्ट नमूद असल्याखेरीज हस्तांतरणात येत नाही, असे घालूनच दिले आहे.

खरी अडचण स्कॅन प्रतींची आहे. उल्लंघनाचा दावा प्रताधिकाराचा मालक किंवा अनन्य परवानाधारक लावू शकतो. हक्काची मुदत संपलेल्या प्रकाशकाला, पाने त्याने स्वतः जुळवलेली असली तरी, तो लावता येत नाही. ब्रिटनमध्ये प्रकाशित आवृत्तीच्या पानमांडणीवर प्रकाशकाला २५ वर्षांचा स्वतंत्र हक्क मिळतो, तसा आपल्याकडे नाही. बदल मागायचाच असेल तर एवढाच मागावा.

उत्तर : लेखिका, विटा
पानमांडणीपुरता हक्क मला मान्य आहे, संहितेवरचा मुळीच नाही. युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये पुस्तकांच्या छायाप्रती काढल्या जातात त्याबद्दल मिळणाऱ्या भरपाईतील लेखकांचा वाटा प्रकाशकांकडे वळवण्यास हरकत घेतली होती, आणि युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने सदस्य देशांना प्रकाशकांसाठी वाटा ठेवण्याची मुभा पुन्हा दिली. आपल्याकडे रॉयल्टीचा हिशेबसुद्धा अनेकदा मागून मागून मिळतो (आपल्या संस्थेविषयी हे नाही), तेव्हा तो मार्ग इथे नको.

उत्तर : ग्रंथपाल, कऱ्हाड
नवा हक्क आणताना ग्रंथालयांची सवलत शाबूत राहावी, एवढे जोडतो. ज्या पुस्तकाची छापील प्रत आधीपासून संग्रही आहे, त्याची जतनासाठी डिजिटल प्रत साठवण्यास अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना कलम ५२ परवानगी देते. २०१९ सारखा महापूर आल्यावर स्कॅन करायला प्रत उरतेच असे नाही, म्हणून हे काम कोरड्या दिवसांतच व्हायला हवे आणि त्यासाठी प्रत्येक प्रकाशकाकडे अर्ज करत बसणे परवडणारे नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. २००३ च्या करारात मुदत खरोखरच नाही. त्या लेखकांना छापील, ई-बुक आणि ऑडिओबुक यांची स्वतंत्र कलमे व स्वतंत्र रॉयल्टी असलेला नवा मसुदा पाठवतो, आणि तोपर्यंत ॲप कंपनीला थांबण्यास कळवतो. १९८७ च्या कादंबरीचे लेखक हयात नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहणार असल्याने पुणे व मुंबई येथील वारसांना शोधून त्यांच्याशीच करार करावा लागेल, असे मी समजतो.

वकील, सातारा
होय, आणि सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात.