पट्टी: काळी चार ते कांदापट्टी

'पट्टी' या शब्दाचे अर्थ विचारले की मोजपट्टी नाहीतर जखमेवरची पट्टी, एवढ्यावरच लोकांची गाडी थांबलेली पाहून राहवलं नाही. गाण्यातली पट्टी राहिलीच की! पेटीवर बोटांखाली दाबतो त्याही पट्ट्याच, आणि गायचा स्वरही त्यांच्यावरूनच सांगायचा. बायकांचा आवाज बहुधा काळी चार-पाचला, म्हणजे चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला लागतो, पुरुषांचा काळी एकच्या आसपास. साथीला बसलेला पेटीवाला आधी विचारतो ते "पट्टी कोणती?"

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती आडत्याची, म्हणजे बाजारात माल विकून देणाऱ्या दलालाची पट्टी. कांदा विकून आलं की वडील खिशातून घडी घातलेला कागद काढायचे. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होत होत शेवटच्या ओळीत हातात आलेली रक्कम. आई पहिल्या ओळी कधीच वाचायची नाही, थेट शेवटच्या ओळीवर बोट. घरात "पट्टी किती आली?" म्हणजे पैसे किती आले, एवढाच अर्थ. कांदापट्टी हा शब्द आजही तसाच चालतो.

घरपट्टी, पाणीपट्टीत पैसा उलट दिशेने जातो. शिंप्याकडे काजपट्टी, बटणपट्टी. कोकणची किनारपट्टी. ताप चढला की कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या. शाळेतली लाकडी पट्टी मोजायला कमी आणि तळहातावरच जास्त पडायची, ते वेगळं!

आणि हो, 'पट्टीचा पोहणारा' विसरू नका. हा मात्र कुठल्याच पट्टीने मोजता येत नाही.