शब्दचर्चा : 'आरंभ', 'कार्य' आणि 'कारण'

प्रश्न : 'विश्वाला आरंभ आहे, म्हणून त्याला कारण असलेच पाहिजे.' यातला 'म्हणून' बरोबर आहे का? आरंभाऐवजी 'निर्मिती' चालेल?

उत्तर : 'निर्मिती' नको. तो शब्द कर्ता गृहीत धरतो, मग जे सिद्ध करायचे तेच आधी मान्य केल्यासारखे होते. 'आरंभ होणे' फक्त टोक सांगते. विश्वाचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे म्हणतात, ते प्रसरण उलट दिशेने मोजत नेऊन. अगदी टोकाशी सापेक्षतेची समीकरणे लागू पडत नाहीत, म्हणून 'पहिला क्षण' लिहिताना जपावे.

'म्हणून'मागे 'ज्याला आरंभ ते कार्य, म्हणजे कारणामुळे घडलेली गोष्ट' असे गृहीत आहे. खरी अडचण या 'कार्य' शब्दात आहे. न्यायशास्त्रात (न्याय या भारतीय दर्शनात) ज्याचा प्रागभाव, म्हणजे घडण्यापूर्वीचा अभाव, होता ते कार्य. घडा घडण्यापूर्वी त्या मातीत घड्याचा अभाव होता. म्हणून घडा कार्य, आणि त्याला कुंभार हवा. इथे माती हवी आणि 'पूर्वी'ही हवे. काळच विश्वाबरोबर सुरू झाला असेल, तर विश्वाचा प्रागभाव कोणत्या काळात होता म्हणायचे? (नैयायिक, म्हणजे न्याय दर्शन मानणारे, काळ नित्य मानतात, त्यामुळे त्यांच्यापुढे हा पेच येत नाही.)

पुरवणी प्रश्न : म्हणजे स्पष्टीकरण नकोच?

उत्तर : तसे नाही. मराठीत 'कारण' दोन कामे करतो. 'काच फुटली, कारण चेंडू लागला' यात आधी-नंतर आहे. '17ला 2ने भाग जात नाही, कारण ती विषम आहे' यात नाही. पहिल्या अर्थाचे कारण विश्वाला नसले, तरी दुसऱ्या अर्थाने 'का?' उरतोच. उलट विश्व अनादी ठरले तरी तो सुटत नाही. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझने 1697मध्ये हेच दाखवले: एखादे पुस्तक अनंत काळ प्रतीवरून प्रत उतरत आले, तर प्रत्येक प्रतीचा उलगडा आधीच्या प्रतीने होतो, पण असा मजकूर मुळात का, याचा होत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलला 1948च्या रेडिओवरील वादात हे पटले नव्हते. प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीलाही आई असते असे होत नाही, हा त्याचा आक्षेप. मला तो अर्धाच लागू वाटतो, कारण लाइबनिझ आणखी एक आई मागत नाही, असा मजकूर मुळात का, हे विचारतो.

आणखी एक : 'विश्व शून्यातून आले' असे लिहिताना बहुधा पुंज निर्वात (क्वांटम भौतिकीतील रिकामे अवकाश) अभिप्रेत असतो. त्यात ऊर्जा आणि नियम असतात, म्हणून तिथे 'निर्वातातून' लिहावे. 'अभाव' म्हणायचे असेल तर नियमही नाहीत, हे सोबत सांगावे.